नाइटिंगेल म्हणजे कोण? : एका पक्षिनामाच्या निमित्ताने

इंग्रजी कविता मराठी मुलांना शिकविण्याचा व्यवसाय ज्यांनी केला आहे, त्यांना 'नाइटिंगेल म्हणजे कोण?' हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेलेला असतो; आणि बहुतेकांनी 'आपली कोकिळा' एवढे सांगून पुढचे कडवे वाचायला घेतलेले असते. प्रस्तुत लेखकानेही कल्याणच्या एका महाविद्यालयात अनेक वर्षे हेच केले. जरा अधिक बहुश्रुत दिसावे अशी इच्छा झाली की 'बुलबुल' म्हणायचे. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु काव्य शिकवीत असताना पक्षिशास्त्राचा तास घ्यायचा नसतो, आणि विद्यार्थ्याला अनोळखी वस्तूऐवजी ओळखीची वस्तू दाखविणे हे शिक्षकाचे कामच आहे, अशी मनाची समजूत घातलेली असे.

१९९४-९५ च्या सुमाराची गोष्ट आहे. कीट्सने १८१९ च्या वसंतात लिहिलेले त्या पक्ष्यावरचे प्रसिद्ध स्तोत्र वर्गात चालू होते. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती मोहन्याहून येत असे. वडील तेथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामगार होते. ती म्हणाली, “सर, कोकिळा अशी अंधारात तासन्‌तास गात नाही. आमच्या कॉलनीत एक काळा-पांढरा पक्षी आहे. बाबा पहिल्या पाळीला निघतात तेव्हा उजाडलेलंही नसतं, आणि तो टाकीच्या पाइपावर बसून गात असतो. सारखा नवीन काहीतरी गातो. हा तो नसेल का?” मी म्हणालो, “अगं, तो कुठला तरी साधा पक्षी असेल. हा कवितेतला पक्षी आहे. कोकिळा असंच लिहा.” वर्ग हसला. ती खाली बसली.

या प्रसंगात नेमके काय चुकले, हा प्रश्न त्यानंतर माझ्या मनातून गेला नाही. माहितीची चूक होती असे म्हटले तर ती कोशात पाहून दुरुस्त करता आली असती. येथे काही वेगळे घडले होते, आणि ते समजून घेण्यासाठी पक्ष्यांच्या नावांच्या थोड्या आडवाटेने जावे लागेल.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक की सांकेतिक, या वादात पक्ष्यांची नावे सर्वत्र अडचण करून ठेवतात. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात चिन्हाचे यादृच्छिकत्व सांगताना अनुकरणवाचक शब्दांचा आक्षेप विचारात घ्यावा लागला आहे. तेथे कबुतराच्या फ्रेंच नावाचा दाखला येतो: मूळच्या लोकलॅटिनमध्ये हे नाव पक्ष्याच्या आवाजाची नक्कल होते, ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ती नक्कल झिजून गेली आणि उरले ते इतर शब्दांसारखेच एक चिन्ह. आपल्याकडे यास्काने 'निरुक्ता'त हाच मुद्दा कावळ्याच्या निमित्ताने काढला. 'काक' हे त्याच्या ओरडण्याचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा आढळते, असे यास्क म्हणतो. पण लगेच तो औपमन्यवाचे विरोधी मत नोंदवितो. औपमन्यवाला शब्दानुकरण मुळीच मान्य नाही. त्याच्या मते काक म्हणजे हाकलून देण्याजोगा.

निरुक्ताचे अभ्यासक या व्युत्पत्तीकडे ओढाताण म्हणून पाहतात, आणि व्युत्पत्ती म्हणून ती ओढाताणच आहे. मला मात्र ती फार उद्बोधक वाटते. यास्काचे नाव पक्ष्याच्या कंठातून येते, तर औपमन्यवाचे नाव माणसाच्या हातातून, त्या हाकलणाऱ्या हातातून येते. एकात पक्षी काय करतो ते आहे, दुसऱ्यात आपण पक्ष्याशी काय करतो ते आहे. नामकरणाला नैतिक बाजू असते याची इतकी जुनी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अर्थात यास्काचा पक्ष घेतल्याने प्रश्न मिटत नाही. कारण ऐकणारा कानही कोणाचा तरी असतो. उन्हाळा संपता संपता चढत्या सुरात ओरडणारा पावशा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' असे सांगतो. हिंदी मुलखात तोच 'पी कहाँ' असे विचारतो आणि विरहिणीच्या गाण्यात जाऊन बसतो. बंगालीत तो 'चोख गेलो', डोळे गेले, म्हणून आक्रोश करतो. हिंदुस्थानातल्या उकाड्यात रात्र-रात्र तळमळत पडलेल्या इंग्रजाला त्याच तीन स्वरांत 'ब्रेन फीव्हर', म्हणजे मेंदूचा ताप, ऐकू आला. आणि 'ब्रेनफीव्हर बर्ड' हे नाव इंग्रजीत रूढ होऊन बसले. पक्षी एकच, स्वर तेच. पेरणीची वाट पाहणारा आणि घरी परतण्याची वाट पाहणारा यांनी त्यातून आपापले वाक्य उचलले. यांतले कोणतेही नाव मी खोटे म्हणणार नाही. ताप हासुद्धा ऐकण्याचाच एक प्रकार आहे. त्या इंग्रजाने निदान येथे, या झाडाखाली, या रात्री ऐकले होते.

नाइटिंगेलचे मूळ नाव असेच ऐकण्यातून आले आहे. जुन्या इंग्रजीतील 'निहतेगाले' म्हणजे रात्री गाणारी. 'गालान' म्हणजे गाणे. मधला अनुनासिक मध्ययुगात कधीतरी शिरला. नाव व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी होते, आणि लॅटिन परंपरेतून आलेल्या फिलोमेलाच्या कथेने ते स्त्रीलिंग पक्के केले. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या सहाव्या सर्गात ती कथा आहे. राजा टेरिअस आपल्या मेहुणीवर बलात्कार करतो आणि तिने वाच्यता करू नये म्हणून तिची जीभ कापतो. ती वस्त्रावर आपली हकीकत विणून बहिणीला पाठविते. सूडानंतर दोघींचे पक्षी होतात. पुढच्या युरोपीय काव्याने जीभ कापलेल्या स्त्रीला सर्वांत सुरेल कंठाचा पक्षी करून टाकले आणि त्या गाण्याला 'विषण्ण' हे विशेषण कायमचे जोडले.

रात्री अखंड गाणारा नाइटिंगेल हा जोडीदार न मिळालेला नर असतो, हे आज पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात. पण तेवढा अभ्यास उपलब्ध नसताना, १७९८ साली, कोलरिजने नुसते कान उघडे ठेवून त्या विशेषणाला हरकत घेतली होती. 'लिरिकल बॅलड्स'मधल्या त्याच्या कवितेत तो मिल्टनच्या विषण्ण पक्ष्याची आठवण काढतो आणि विचारतो की निसर्गात विषण्ण असे काय आहे? कोणी एक दुखावलेला माणूस रात्री फिरत असेल, त्याने आपले दुःख त्या सुरांत घातले असेल, आणि मग कवींनी एकमेकांचे ऐकून तेच म्हटले असेल. कोलरिजचा पक्षी आनंदी आहे आणि तो 'ती' नव्हे, 'तो' आहे. कीट्सने वीस-एकवीस वर्षांनी पुन्हा वनदेवतेचे रूप स्वीकारले, हे खरे. परंपरेपुढे एकट्याच्या कानाचे किती चालते याचा हा नमुना म्हणता येईल.

कवींनी एकमेकांचे ऐकून म्हणणे याला आपल्या काव्यशास्त्रात नाव आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयाची चर्चा केली आहे आणि त्यातील एक उदाहरण कोकिळाचेच आहे: कोकीळ इतर ऋतूंतही ओरडत असला तरी कवीने त्याचे कूजन वसंतातच वर्णावे. या संकेतांचे समर्थन राजशेखर मोठ्या विचारपूर्वक करतो. प्राचीन विद्वानांनी शास्त्रे अभ्यासून, देशोदेशी हिंडून जे पाहिले ते लिहिले. देश आणि काळ बदलल्यामुळे आज ते तसे नसले तरी त्याच रीतीने लिहीत राहणे म्हणजे कविसमय. म्हणजे संकेत ही कोणे एके काळची साक्ष असते आणि वारस ती जपतो. हे समर्थन मला अर्धेच पटते. कोणी तरी पाहिले होते म्हणून आपण म्हणावे, इथपर्यंत ठीक. पण आज समोर उभा असलेला माणूस 'मी वेगळे ऐकले' म्हणत असेल तर संकेताने त्याला काय उत्तर द्यावे, याविषयी राजशेखर काही सांगत नाही.

नाइटिंगेलचे मराठीत काय झाले हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हा पक्षी उन्हाळ्यात युरोपात व पश्चिम आशियात घरटे करतो आणि हिवाळ्याला आफ्रिकेत जातो. आपल्या अंगणात तो येत नाही. फारसी काव्यातला बुलबुल हा त्याचाच भाऊबंद. माधव ज्युलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा त्यांच्या पिढीच्या कानात गुल आणि बुलबुल ही जोडी पक्की बसली होती. परंतु मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे 'बुलबुल' म्हणताच येतो तो शेंडीचा, बुडाशी लाल असलेला, पेरूच्या झाडावर भांडखोरपणे किलबिलणारा पक्षी. त्या बिचाऱ्याचे नामकरण आणखी एका दिशेने फसले आहे. तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचा, अशा गैरसमजाने लिनीअसने १७६६ मध्ये त्याला 'काफेर' हे शास्त्रीय उपपद दिले आणि ते आजही त्याच्यामागे आहे. शास्त्रीय नाव चुकले म्हणून बदलता येत नाही, असा तिथला नियम. सामान्य इंग्रजी नावांबाबत मात्र आता निराळे वारे वाहत आहे. अमेरिकेतील पक्षिवैज्ञानिकांच्या संघटनेने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्यक्तींच्या नावांवरून पडलेली आपल्या अधिकारक्षेत्रातली पक्षिनामे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्यांची नावे पक्ष्यांनी का वाहावीत, हा त्यामागचा प्रश्न. प्रश्न न्याय्य आहे. पण त्यातही हिशेब माणसांचा माणसांशी आहे. पक्षी तेथे केवळ पाटी आहे.

कोकिळेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कुहू-कुहू करणारा पक्षी नर असतो, झगझगीत काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार. तिचा आवाज तुटक 'किक्-किक्' असा. संस्कृतात कोकिल आणि कोकिला दोन्ही आहेत. मराठीत कोकीळ आणि कोकिळा दोन्ही आहेत. पण गाणे आले की आपण हटकून स्त्रीलिंगाकडे वळतो. (जाता जाता एक गंमत: पक्षिशास्त्र ज्यांना गानपक्षी म्हणते त्या गटात कोकीळ बसत नाही, त्याची पिल्ले वाढविणारा कावळा मात्र बसतो.) पुरुष गायकाला आपण गंधर्व म्हटले. नारायणराव राजहंस रंगभूमीवर स्त्रीच्या वेशात गात, तरी ते बालगंधर्वच झाले. पुढे सवाई, छोटा आणि कुमार. लता मंगेशकरांना मात्र आपण गानकोकिळा म्हटले, आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी नाइटिंगेल. गंधर्व ही देवयोनी आहे. तो कला जाणतो. कोकिळा गाते, कारण गाणे तिच्या कंठात आहे. या दोन पदव्यांमधला भेद सहज निसटतो. एकीत विद्येचा गौरव आहे, दुसरीत निसर्गाचा. आणि जिने तासन्‌तास रियाज केला तिला निसर्गाच्या खात्यात जमा करणे हा आदर असला तरी तिच्या श्रमाला तो पारखा आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही गौणी लक्षणा: गुणसादृश्यावरून एकाचे नाव दुसऱ्याला. आलंकारिक येथे प्रयोजन विचारतो. प्रयोजनाबरोबरच त्या नावाखाली काय झाकले जाते, हेही विचारण्याची सवय टीकेने लावून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

सरोजिनी नायडूंच्या बाबतीत तर नावांचा हा खेळ जवळजवळ उपरोधिक झाला आहे. सोळा वर्षांची ही मुलगी १८९५ मध्ये इंग्लंडला गेली आणि तिने आपल्या कविता एडमंड गॉस यांना दाखविल्या. १९१२ च्या 'द बर्ड ऑफ टाइम' या संग्रहाच्या प्रस्तावनेत गॉस यांनीच पुढची हकीकत सांगितली आहे. त्या कवितांत इंग्लंडच्या मध्यप्रदेशातले रॉबिन आणि स्कायलार्क गात होते, चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्यांनी सल्ला दिला की हे सारे केराच्या टोपलीत टाक आणि तुझ्या देशातली फुले, फळे, झाडे, देवळे आमच्यापुढे ठेव. सल्ला काव्यदृष्ट्या योग्य असेलही. पण त्यात 'आमच्यापुढे' आहे, हे विसरता येत नाही. पाहुणीने आपल्या घरचे पक्षी आणावेत, यजमानांच्या पक्ष्यांना हात लावू नये. आणि एवढे सांगून झाल्यावर जगाने तिला कोणते बिरुद दिले? 'नाइटिंगेल ऑफ इंडिया'. ज्यांची नावे तिने कवितेतून काढून टाकायची त्यांच्याच थोरल्या भावंडाचे नाव तिच्या कपाळी आले. आणि 'भारत कोकिळा' म्हणून ते आपण देशी करून घेतले. त्या पदवीत एक कर्तृत्ववान राजकीय नेता जवळजवळ दिसेनाशी होते. १९३० मध्ये धारासणेच्या मिठागरावर सत्याग्रहींचे नेतृत्व करणाऱ्या स्त्रीला कोकिळा म्हणणे म्हणजे ती काय बोलली याकडे न पाहता कशी बोलली एवढेच लक्षात ठेवणे होय.

पक्ष्याचे नाव स्त्रीवर ठेवले जाते तेव्हा ते किती दूरवर दुखवू शकते याचा दाखला कालिदासाने देऊन ठेवला आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत भर सभेत शकुंतलेला म्हणतो की स्त्रियांचे चातुर्य न शिकविताच येते. कोकिळा नाही का, पिल्ले उडू लागेपर्यंत ती दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात? कोकिळेचे तेथे आलेले नाव 'परभृता' असे आहे, दुसऱ्याने पोसलेली. आता ज्या शकुंतलेला तो हे ऐकवीत आहे ती मेनकेने टाकलेली आणि कण्वाने वाढविलेली. टाकलेल्या अर्भकाचे रानात शकुंत पक्ष्यांनी रक्षण केले म्हणून तिचे नाव शकुंतला, असे महाभारत सांगते. म्हणजे पक्ष्यांच्या दयेवरून जिचे नाव पडले, तिला पक्ष्याचेच नाव शिवीसारखे फेकून मारले जात आहे. राजा आपल्या समजुतीने एक सर्वमान्य सत्य बोलत आहे. पक्षिशास्त्रदृष्ट्या ते सत्यही आहे. परंतु तो जातीविषयी बोलत आहे, आणि समोर एक व्यक्ती उभी आहे.

जाती आणि व्यक्ती हा भेद येथे उपयोगी पडतो. शब्दाने जातीचा बोध होतो असे मीमांसक मानतो. गायीला 'गाय' म्हणताना आपण गोत्व सांगत असतो. नैयायिक व्यक्ती, आकृती आणि जाती तिन्हींना जागा देतो. कीट्सच्या स्तोत्रावरील एक जुना आक्षेप याच भेदावर उभा आहे. कवी पक्ष्याला अमर म्हणतो आणि बायबलमधल्या रूथने परक्या शेतात ऐकला तो हाच आवाज असेल असे सुचवितो. पण पक्षी तर माणसापेक्षा लवकर मरतो. बोर्हेसने १९५२ च्या आपल्या निबंधसंग्रहात याचे उत्तर शोपेनहॉवरच्या आधाराने दिले: प्रत्येक पक्षी हा त्याची संपूर्ण जातच असतो. म्हणजे कीट्सचा नाइटिंगेल मीमांसकांचा आहे. उत्तर देखणे आहे आणि कवितेपुरते ते बरोबरही असावे. पण कवितेत अमर न होणारी अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे ऐकणारा कवी. कान व्यक्तीलाच असतो. जातीचे नाव आपल्याला कोशातून मिळते. ऐकायचे तर ठरावीक पहाटे, ठरावीक पाइपावर बसलेला एकच पक्षी ऐकावा लागतो.

आता त्या पाइपावरच्या पक्ष्याकडे येऊ. तो दयाळ होता, याविषयी शंका नाही. मोहन्यासारख्या उल्हास नदीकाठच्या, जुन्या झाडांच्या वस्तीत तो आजही सहज दिसतो: पाठ-छाती काळी, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी उभारलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्च ते जून, नर फटफटण्याच्या बराच आधी गायला लागतो आणि इतर पक्ष्यांचे सूर आपल्या गाण्यात बेमालूम मिसळतो. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केले आहे. तेथे तो दोयेल.

इंग्रजीत आज त्याचे नाव 'मॅगपाय-रॉबिन' असे आहे. हे नाव उलगडून पाहिले तर मौज वाटते. 'मॅग' हे मार्गारेटचे लाडके रूप, 'रॉबिन' हे रॉबर्टचे. इंग्लंडमधल्या दोन ओळखीच्या पक्ष्यांना तिथल्या लोकांनी घरच्या मुलांची नावे दिली होती; पुढे समुद्रापलीकडे गेलेल्यांनी काळा-पांढरा रंग पाहून एक आणि चण पाहून दुसरे अशी दोन्ही याच्या अंगावर चढविली. आपणही पोपटाला राघू म्हणतो, तेव्हा त्यात हसण्याजोगे काही नाही. हे नाव घराच्या आठवणीतून आले आहे. पण त्याआधी इंग्रजीत त्याला दुसरे नाव होते. एलिझर आल्बिनने १७३७ मध्ये त्याचा उल्लेख 'डायल बर्ड' असा केला. हा 'डायल' म्हणजे हिंदीतले दहियल किंवा धयाल. इंग्रजी लिपीत गेल्यावर तो शब्द तबकडीसारखा दिसू लागला. फ्रेंच पक्षितज्ज्ञ ल्व्हायां याने त्याचा अर्थ सूर्यघटिका असा घेऊन पक्ष्याचे नाव 'काद्रां' ठेवले. लिनीअसने दिलेले 'सॉलारिस' हे उपपदही मुळात सूर्यवाचक 'सोलारिस' असावे आणि लेखणीच्या चुकीने बिघडले असावे, असे जर्डनने मानले. हा तर्क चुकीचा असल्याचे एडवर्ड ब्लाइथने दाखवून दिले. मद्रासहून एडवर्ड बल्कली नावाच्या शल्यवैद्याने या पक्ष्याचा एक नमुना लंडनला जेम्स पेटिव्हरकडे पाठविला होता, आणि त्याबरोबर 'सौलारी' हे इथले नाव कळविले होते. त्याचेच ते लॅटिन रूप. ब्लाइथने त्याचा अर्थ दिला आहे: शंभर गाणी.

आपला 'दयाळ' हा त्याच दहियल-दोयेलच्या कुळातला दिसतो. मराठी कानाला मात्र त्यात दया ऐकू येते, आणि नाव सांगितले की लहान मुले हमखास विचारतात, हा कोणावर दया करतो? इंग्रजाला घड्याळ दिसले, आपल्याला करुणा. दोन्ही शब्दाच्या अपघातातून. मग पावशाच्या नावाविषयी मी जे औदार्य दाखविले ते येथे का दाखवू नये? दाखवावे, पण एक फरक आहे. 'पेरते व्हा' आणि 'ब्रेन फीव्हर' ही पक्षी ऐकताना झालेली रूपांतरे आहेत, तर 'काद्रां' हे कागदावरचा शब्द वाचताना झालेले. ल्व्हायांने पक्ष्याला नव्हे, नावाला नाव दिले. बल्कलीला 'सौलारी' हा शब्द सांगणारा मद्रासचा कोणी माणूस होता. त्याने पक्षी ऐकला होता. आल्बिनचे, पेटिव्हरचे, ब्लाइथचे नाव ग्रंथांत राहिले. त्या माणसाचे राहिले नाही.

माझ्या वर्गात घडले ते याच जातीचे होते. मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतिकेने २००७ च्या आपल्या ग्रंथात ज्ञानविषयक अन्यायाची कल्पना मांडली आहे: बोलणारा कोण आहे यावरून त्याच्या साक्षीचे मोल कमी धरणे. मला ती उपयोगी वाटते, पण माझा अपराध तीत पुरता मावत नाही. ती मुलगी कामगाराची आहे, मोहन्याची आहे, म्हणून मी तिला कमी लेखले असे नाही, निदान तसे मला आठवत नाही. मी तिचे बोलणे खोटे ठरविले नाही. ते असंबद्ध ठरविले. 'तो पक्षी असेल, पण कवितेतला नव्हे.' कवितेची एक निराळी सृष्टी असते, तेथे जगातल्या साक्षी चालत नाहीत, हा आम्ही विद्यापीठात शिकलेला सिद्धांत मी तिच्यावर चालविला. आणि कविता तर रात्री जागणाऱ्या माणसाच्या ऐकण्याविषयीच होती. वर्गातल्या साठ-सत्तर जणांत ती एकटी त्या कवितेच्या आत उभी होती.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट मला फार उशिरा कळली. पूर्वी दयाळाला कस्तुरांच्या कुळात धरीत. आता तो, युरोपातला रॉबिन आणि नाइटिंगेल हे तिघेही माशीमारांच्या एकाच मोठ्या कुळात मोडतात. कोकीळ कुठल्या कुठे राहिला, बुलबुलही दूरचा. कल्याण-मोहन्याच्या परिसरात कीट्सच्या पक्ष्याचा जो जवळचा नातलग दाखविता आला असता, तो तिने नेमका दाखविला होता. तरी हेही नोंदविले पाहिजे की कुळ जुळले म्हणून ती बरोबर ठरत नाही. ते जुळले नसते तरी तिचे म्हणणे तेवढेच ऐकण्याजोगे होते. शास्त्राने मागाहून दिलेला कौल सोयीचा वाटतो म्हणून मी तो पुढे करतो, ही माझी जुनी खोड आहे.

येथे मला कोणी विचारील की मग नाइटिंगेलचे भाषांतर करायचे तरी काय? कोकिळा करावी, बुलबुल करावा, की दयाळ? मला वाटते, अनुवादकाने नाइटिंगेल तसाच ठेवावा आणि शिक्षकाने 'तो आपल्याकडे येत नाही' एवढे प्रामाणिकपणे सांगून थांबावे. त्या थांबण्यात वर्गातल्या कोणाला तरी आपला पक्षी आठवतो. मी थांबलो नव्हतो. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'त एकेका पक्ष्यापुढे निरनिराळ्या भाषांतली, रानात हिंडताना गोळा केलेली नावे ओळीने दिलेली आहेत. ती वाचताना मला नेहमी जाणवते की यांतले प्रत्येक नाव कोणीतरी सांगितले आणि कोणीतरी थांबून लिहून घेतले.

मोहन्याचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. पाळ्या थांबल्या, पहाटे अंधारात डबा घेऊन निघणाऱ्यांची रांगही थांबली. गेल्या एप्रिलमध्ये आंबिवलीला एका स्नेह्यांकडे मुक्काम होता. पहाटे जाग आली तेव्हा दयाळ गात होता. मी घड्याळ पाहिले. पाचला दहा मिनिटे होती. स्नेह्यांच्या नातीने विचारले, “आजोबा, हा कोण?” मी तिला डायल, दहियल, सौलारी, बल्कली, पेटिव्हर असे सगळे सांगू लागलो. ती खिडकीत जाऊन उभी राहिली.

हा लेख लिहिताना त्या विद्यार्थिनीचे नाव आठवून पाहिले. चेहरा आठवतो, मागचे बाक आठवते. नाव आठवत नाही. वर्गात मी तिला 'मोहनेवाली' म्हणत असे.